कारवानी कुत्र्याची ओळख

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरीं लातूरकडून कारवानी जातीचें एक पिलूं आलें. अंग सडपातळ, पाय लांब, तोंड निमुळतें. शेजारचा लॅब्राडॉर फेंकलेला चेंडू दहा वेळां आणून धन्याच्या हातीं देई. हें पिलूं वाऱ्यासारखें धांवून चेंडू गांठी, आणि तेथेंच टाकून दुसरीकडे पाहूं लागे. मुलें त्यास मठ्ठ म्हणूं लागलीं. तें कोणास तरी देऊन टाकावें, असें वडिलांच्याहि मनांत आलें. तेव्हां त्या मुलानें आम्हांस विचारलें, "सर, हें खरोखरच मठ्ठ आहे का?" त्याचें उत्तर सर्वांच्याच उपयोगीं पडेल, म्हणून तें येथें देत आहों.

प्रथम शेजारच्या कुत्र्याकडे पाहूं. लॅब्राडॉरची गणना रिट्रीव्हर, म्हणजे परत आणून देणाऱ्या कुत्र्यांत होते. गोल्डन रिट्रीव्हर आणि आपल्याकडे क्वचितच दिसणारा कुरळ्या केसांचा रिट्रीव्हर हे त्याच वर्गांतले. शिकाऱ्यानें बंदुकीनें पाडलेलें पांखरूं पाण्यांतून वा झुडपांतून शोधावें आणि दांत न रुतवितां त्याच्या हातीं द्यावें, हें यांचें काम. या कामांत तरबेज असलेल्या कुत्र्यांचींच पिलें लोकांनीं पिढ्यान् पिढ्या निवडलीं. त्यामुळें वस्तु आणून देणें हा त्यांचा स्वभावच बनला.

कारवानी कुत्र्याचें काम निराळें. माळरानावर दूर पळणारा ससा डोळ्यांनीं हेरावा आणि स्वतःच धांवून धरावा, यासाठीं तो निवडला गेला. त्याचें शरीर पाहा. डोकें अरुंद व लांबट असल्यामुळें दोन्ही बाजूंचें बरेंच त्याच्या दृष्टीस पडतें. छाती खोल असल्यामुळें हृदयास व फुप्फुसांस भरपूर जागा मिळते. पोट आंत गेलेलें, केस आंखूड. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशीं सुमारें ७० सेंटिमीटर उंच भरतो. तो भरधांव सुटला म्हणजे एकेका झेपेंत दोन वेळां त्याचे चारहि पाय अधांतरीं असतात: एकदां अंग धनुष्यासारखें वांकलेलें, एकदां बाणासारखें ताणलेलें. जो पायांनींच सावज गांठतो, त्याच्या पूर्वजांकडून आणून देण्याची अपेक्षा कोणी फारशी केलीच नव्हती!

तांड्यांबरोबर फिरणारा म्हणून हा कारवानी, असें सांगतात. मराठवाडा, सोलापूर व कोल्हापूर या भागांत तो पूर्वीपासून पाळला जातो. दक्षिणेस मुधोळ येथें घोरपडे घराण्याचें मराठी संस्थान होतें. तें १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें व आज तो भाग कर्नाटकांतील बागलकोट जिल्ह्यांत आहे. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनीं या कुत्र्यांची आस्थेनें जोपासना केली आणि इंग्लंडचे राजे पांचवे जॉर्ज यांस एक जोडी भेट दिली, असें सांगतात. म्हणून यास मुधोळ हाउंड असेंहि नांव आहे. २००५ सालीं भारतीय टपाल खात्यानें त्याच्या चित्राचें तिकीट काढलें.

परंतु त्याचें जुनें काम आतां उरलें नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीवर बंधनें आलीं आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर ती जवळजवळ सर्वस्वी बंद झाली. हें योग्यच झालें. रिट्रीव्हरास अंधांचा वाटाड्या म्हणून नवें काम मिळालें. कारवानीसहि तशी संधि मिळूं लागली आहे. २०१६ सालीं या जातीचे कुत्रे सैन्याच्या मेरठ येथील केंद्रांत शिक्षणासाठीं नेण्यांत आले.

पालकांस आमची विनंति अशी कीं, कुत्रा आणण्यापूर्वीं त्याचें कुळ समजून घ्यावें. आंखूड केसांच्या या कुत्र्यास नागपूरचा उन्हाळा लॅब्राडॉरपेक्षां सोसवतो; तथापि सावली व पाणी हवेंच. दिवसभर सांखळीनें बांधल्यास तो झुरतो. कुंपणाच्या आंत त्यास रोज मोकळें धांवूं द्यावें. उघड्या रानांत सोडूं नये, कारण ससा दिसतांच तो हांक ऐकणार नाहीं. परक्यानें अंगास हात लावलेला त्यास रुचत नाहीं. तो दुष्टपणा नव्हे. पिसाळरोगाची लस मात्र वेळेवर टोंचून घ्यावी. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथील जाणत्यांचा सल्ला घ्यावा.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं हें सर्व शांतपणें ऐकून घेतलें. दुसऱ्या दिवसापासून ते पहांटे पिलास एका कुंपणाच्या मैदानावर नेऊं लागले. परवां आम्हीहि गेलों होतों. कुत्रा सुटला, आणि जीं मुलें त्यास मठ्ठ म्हणत, तीं अवाक् होऊन पाहत राहिलीं. चेंडू तो अजूनहि आणून देत नाहीं. विद्यार्थी मित्रांनो, वर्गांत आपल्या शेजारीं बसणाऱ्यास मठ्ठ म्हणण्यापूर्वीं त्याचें मैदान कोणतें, हें आपण पाहिलें आहे का?