फाईल उघडण्याआधी

साकीनाका, मुंबई



फाईलच्या नावात शेवटच्या टिंबापुढे येणारी अक्षरे, म्हणजे एक्स्टेन्शन, हा नावाचाच एक भाग असतो. तो कोणालाही बदलता येतो आणि बदलला तरी आतला एक बाइटही हलत नाही. डॉसच्या काळात नावाला आठ आणि एक्स्टेन्शनला तीनच अक्षरे मिळत. ही अक्षरे वाटून देणारी कोणतीही अधिकृत यंत्रणा नव्हती, त्यामुळे एकमेकांशी संबंध नसलेल्या कंपन्यांनी तीच तीन अक्षरे उचलली. तो घोळ आजही चालू आहे.

साकी विहार रोड, खैरानी रोड भागातल्या गाळ्यांमध्ये जॉबवर्क चालते, तिथे या घोळाचा थेट संबंध कामाशी येतो. पार्टीकडून आलेली पीआरटी फाईल सीमेन्सच्या एनएक्सची असू शकते, तशीच क्रिओचीही असू शकते. दोन्ही प्रोग्रॅम सुट्या भागाच्या मॉडेलला तेच एक्स्टेन्शन लावतात. क्रिओ प्रत्येक वेळी सेव्ह करताना पुढे आकडा वाढवते, म्हणून पीआरटीनंतर १, २, ३ असे आकडे दिसले तर फाईल बहुधा क्रिओची समजावी. एसटीएल म्हणजे थ्रीडी प्रिंटिंगचे मॉडेल आणि युरोपीय प्रसारण संघटनेची सबटायटल फाईलसुद्धा. एनसी हे सीएनसी प्रोग्रॅमचे एक्स्टेन्शन आहे आणि नेटसीडीएफ या वैज्ञानिक स्वरूपाचेही. हवामान खात्याची पर्जन्यमानाची आकडेवारी त्या स्वरूपात मिळते. पब म्हणजे मायक्रोसॉफ्ट पब्लिशरचे पान किंवा सर्व्हरच्या लॉगिनची सार्वजनिक किल्ली. डॅट तर काहीही असू शकते: लग्नाच्या जुन्या व्हीसीडीवरचा व्हिडिओ किंवा आउटलुकमधून आलेल्या मेलची 'विनमेल' ही जोडफाईल.

ओळख पटवण्याची पहिली पायरी म्हणजे पाठवणाऱ्याला विचारणे. फाईल कोणत्या प्रोग्रॅममध्ये, कोणत्या आवृत्तीत केली, एवढा एक फोन पुष्कळ वेळ वाचवतो. ज्या मेलवरून किंवा व्हॉट्सअॅपवरून फाईल आली, तिथेच उलट प्रश्न टाकू नये. आधीपासून ठाऊक असलेल्या नंबरवर बोलावे, कारण खाते दुसऱ्याच्या हाती गेलेले असू शकते.

दुसरी पायरी आकाराची. तासाभराचा व्हिडिओ म्हणून आलेली फाईल काही किलोबाइटची असेल, तर ती व्हिडिओ नाही. बायनरी एसटीएलमध्ये तर हिशेब काटेकोर बसतो: ८० बाइटचे शीर्षक, ४ बाइटमध्ये त्रिकोणांची संख्या आणि पुढे प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट. हा मेळ बसला नाही, तर फाईल अर्धवट उतरली आहे किंवा ती एसटीएलच नाही.

तिसरी पायरी सर्वांत खात्रीची. बहुतेक स्वरूपांच्या सुरुवातीच्या काही बाइटांत ठरलेली खूण असते आणि एचएक्सडीसारख्या हेक्स एडिटरमध्ये ती दिसते. पीडीएफ टक्क्याच्या चिन्हाने आणि 'पीडीएफ' या अक्षरांनी सुरू होते, झिप 'पीके'ने, विंडोजचा चालणारा प्रोग्रॅम 'एमझेड'ने. स्टेप फाईलच्या पहिल्याच ओळीत 'आयएसओ-१०३०३-२१' असे साध्या अक्षरांत लिहिलेले असते. ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजीत सुरुवातीलाच आवृत्ती कळते: 'एसी१०१५' म्हणजे २००० चे स्वरूप, 'एसी१०३२' म्हणजे २०१८ चे. जुने ड्रॉइंग नव्या प्रोग्रॅममध्ये उघडते, पण नवे जुन्यात का उघडत नाही, याचे उत्तर या सहा अक्षरांत असते. लिनक्स आणि मॅकवर 'फाईल' ही आज्ञा याच खुणा वाचून स्वरूप सांगते. तिचा उगम १९७३ च्या युनिक्समधला. विंडोजवर हेच काम ट्रिड हा छोटा प्रोग्रॅम करतो.

खूणही कधी अर्धेच सांगते. 'पीके'ने सुरू होणारी फाईल साधी झिप असेल, वर्डची डॉक्स असेल, कोरलड्रॉची नवी सीडीआर असेल किंवा मोबाइलचे एपीके. अशा वेळी सेव्हन-झिपमधून फाईल न चालवता आतली यादी पाहावी. आत 'वर्ड' नावाचा फोल्डर असेल तर दस्तऐवज, 'एक्सएल' असेल तर एक्सेल; 'अँड्रॉइड मॅनिफेस्ट' दिसले तर ते अॅप आहे, मग नाव काहीही असो. साध्या मजकुराच्या फाइलीत तर खूणच नसते. जुन्या छापखान्यांतला मराठी मजकूर युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत टाइप केलेला असतो. तो उघडताच विचित्र चिन्हे दिसली, तर फाईल खराब झाली असे समजू नये. मूळ फॉन्टचे नाव मिळाले की तो मजकूर युनिकोडमध्ये बदलता येतो.

उघडण्याचा क्रमही ठरलेला असावा. विंडोज मुळात एक्स्टेन्शन लपवते, म्हणून फाईल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मधून ते दिसते करावे. ४ मे २००० ला पसरलेल्या 'आय लव्ह यू' विषाणूने याच सवयीचा फायदा घेतला: नावात 'टीएक्सटी' दिसत होते, त्यापुढचे 'व्हीबीएस' लपलेले होते. शंकास्पद फाइलीवर डबल-क्लिक करू नये. तिची प्रत काढावी, अँटिव्हायरसने तपासावी, मग अपेक्षित प्रोग्रॅम आधी सुरू करून 'ओपन'मधून ती उघडावी. प्रोग्रॅमला स्वरूप पटले नाही तर तो नकार देतो, आणि तीही एक माहितीच असते. वर्ड-एक्सेलमध्ये 'एनेबल कन्टेन्ट' विचारले, तर पाठवणाऱ्याची खात्री होईपर्यंत ते दाबू नये. व्हायरसटोटलवर फाईल चढवण्याआधी ती कोणाची आहे हे पाहावे. तिथे चढवलेली फाईल इतर संशोधकांच्या हाती जाऊ शकते, म्हणून पार्टीचे गोपनीय ड्रॉइंग तिथे टाकणे विश्वासघात ठरतो.

गाळ्यात आणखी एक धोका असतो, तो कॉम्प्युटरच्या पलीकडचा. एसटीएलमध्ये मोजमापाचे एकक लिहिलेलेच नसते. इंचातले मॉडेल मिलिमीटर समजून घेतले, तर भाग २५.४ पट लहान निघतो. सीएनसी प्रोग्रॅममध्ये बहुतेक कंट्रोलवर जी२० म्हणजे इंच आणि जी२१ म्हणजे मिलिमीटर. ओळखीचा नसलेला प्रोग्रॅम आधी नोटपॅडमध्ये वाचावा, मग मशीनच्या ग्राफिकवर आणि शेवटी जॉब न लावता ड्राय रन करून पाहावा.

मोबाइलवर एपीके आले, तर नियम सोपा: कागद, फोटो, पत्रिका या कारणासाठी एपीके कधीच लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याने व्हॉट्सअॅपवर आलेली लग्नपत्रिका समजून अशी फाईल उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. चुकून असे झालेच, तर फोन लगेच इंटरनेटपासून तोडावा, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला कळवावे. पैसे पुढे वळवले जाण्याआधी तक्रार पोहोचली, तर ते रोखले जाण्याची शक्यता वाढते.

पुढच्या कामाची सोय पहिल्याच फोनवर करून घ्यावी. ड्रॉइंगसाठी पीडीएफ आणि मॉडेलसाठी स्टेप मागावी, सोबत एकक आणि प्रोग्रॅमची आवृत्ती लिहून घ्यावी. मूळ फाईल जशी आली तशी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि काम नेहमी प्रतीवर करावे.

– मामा