मुलांच्या प्रश्नांस जागा द्या
वाचावयाचे शास्त्रभाग : निर्गम १२:२६-२७, यहोशवा ४:६-७, लूक २:४६, लूक १०:२५-३७

शाळेत जाणाऱ्या मुलांस ख्रिस्ती धर्माचे शिक्षण देणे हे मंडळीच्या कामांतील अत्यंत नाजूक काम होय. पुष्कळ खेड्यांत ते असे चालते : रविवारी मुले सतरंजीवर बसतात, उपदेशक वचन सांगतात व मुले ते एका सुरात म्हणतात. दहा आज्ञा व प्रभूची प्रार्थना तोंडपाठ होतात आणि नाताळात बक्षिसे वाटली जातात. पाठांतर वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. संकटाच्या रात्री दिव्यावाचून आठवते ते पाठ केलेले वचनच. परंतु हाच मुलगा पुढे तालुक्याच्या शाळेत जातो आणि बाकावर शेजारी बसणारा सोबती त्यास सहज विचारतो, "तुम्ही येशूला का मानता?" तेव्हा तो मान खाली घालतो. उत्तरे त्यास पाठ असतात. पण हा प्रश्न त्यास मंडळीत कोणी कधी विचारलेला नसतो, व त्यासही कोणी विचारू दिलेला नसतो.

पवित्र शास्त्राची रीत मात्र निराळी आहे. मिसर देशातून निघताना वल्हांडणाचा विधी ठरवून दिला, तेव्हाच सांगून ठेविले की, पुढे मुले ह्या विधीचा अर्थ विचारतील, त्यांस तो सांगावा. यार्देन नदी उतरल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातून बारा धोंडे आणविले. कशासाठी? मुलांनी ते पाहून "हे कशाचे?" असे विचारावे म्हणून. आणि आपला प्रभू बारा वर्षांचा असता मंदिरात गुरुजनांमध्ये बसून काय करीत होता? ऐकत होता व प्रश्न विचारीत होता. ज्या वयाच्या मुलांस आपण "गप्प बैस" म्हणतो, त्याच वयाचे हे चित्र आहे.

लूथरसाहेबांनीही हीच वाट धरिली. १५२८ साली सॅक्सनी प्रांतातील मंडळ्या पाहण्यास ते गेले असता खेड्यांतील लोकांचे अज्ञान पाहून त्यांस फार दुःख झाले. पुढील वर्षी, १५२९ साली, त्यांनी लहान प्रश्नोत्तरावली छापिली. तीत प्रत्येक आज्ञेपाठोपाठ एकच साधा प्रश्न येतो : ह्याचा अर्थ काय? हे पुस्तक त्यांनी घरातील वडील माणसांच्याही हाती दिले, ते अशाकरिता की त्यांनी मुलांस घरीच शिकवावे. आपण उत्तरे ठेविली आणि प्रश्न मात्र सोडून दिला, असे तर झाले नाही ना?

आता एक पाठ घेऊन पाहू. दयाळू शोमरोन्याचा दृष्टांत सर्वांस ठाऊक आहे. उपदेशकाने प्रथम तो पुस्तक मिटून, आपल्या शब्दांत सांगावा. वाट कशी होती हे मुलांच्या डोळ्यांपुढे उभे करावे. यरुशलेम समुद्रसपाटीहून सुमारे २५०० फूट उंच, तर यरीहो समुद्रसपाटीच्याही ८०० फुटांहून अधिक खाली. मध्ये सुमारे २७ किलोमीटरांची ओसाड, दऱ्याखोऱ्यांची वाट. म्हणूनच तो मनुष्य "खाली जात होता" असे लिहिले आहे. घाट उतरलेल्या मुलास हे लगेच कळते. शोमरोन्याने दिलेले दोन दीनार म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, हेही सांगावे. ज्याची आई रोजंदारीने खुरपण्यास जाते, त्या मुलास हा हिशेब समजावून द्यावा लागत नाही.

मग थांबावे व विचारावे. याजक का बरे थांबला नाही? त्यास भीती वाटली असेल काय? तुम्ही थांबला असता काय? मुलांस बोलू द्यावे. चुकले तरी हसू नये. प्रभूनेही हेच केले. शास्त्र्याने "माझा शेजारी कोण?" असे विचारले, तेव्हा प्रभूने व्याख्या दिली नाही, गोष्ट सांगितली आणि उलट त्यालाच प्रश्न केला. शास्त्र्याने उत्तर बरोबर दिले, पण "शोमरोनी" हा शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही; "ज्याने दया केली तो," एवढेच तो म्हणाला. तो शब्द का निघाला नाही, हे मुलांस शोधू द्यावे.

येथेच एखादे धीट मूल विचारील, "मग आपल्या गावात पाणवठ्यावरून भांडण का झाले? आणि आपल्या मंडळीतसुद्धा सोयरीक करताना पूर्वीची जात का पाहतात?" बंधूंनो, पाठाची खरी कसोटी ती ही. त्या वेळी मुलास दटावून पुढील वचन म्हणावयास लावले, तर ते समजून चुकेल की धर्म रविवारपुरता आहे. "हे आपले पाप आहे, आणि आपल्याला ते सोडावयाचे आहे," असे उपदेशकाने सरळ म्हटले, तर तेवढ्याने तो पाठ जन्मभर टिकेल. एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल, तर "पाहून पुढच्या रविवारी सांगतो," असे म्हणावे, आणि पुढच्या रविवारी न चुकता सांगावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. आपली शब्बाथशाळा निराळी आणि सर्व धर्मांच्या मुलांची शाळा निराळी. १९५० साली अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या २८व्या अनुच्छेदाप्रमाणे, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत अज्ञान मुलास धर्मशिक्षणास किंवा उपासनेस बसविणे झाल्यास पालकाची संमती पाहिजे. मिशनने चालविलेल्या अशा शाळांसही हा नियम लागू आहे. कित्येकांस ही अडचण वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. त्या शोमरोन्याने जखमी मनुष्यास जात विचारली नाही, आणि उतारशाळेचा खर्च देताना कोणती अटही घातली नाही. शेजाऱ्याने आपले मूल विश्वासाने आपल्या हाती दिले आहे. त्या विश्वासाचा घात करून मिळविलेला होकार प्रभूस नको आहे. अशा मुलांस गणित मनापासून शिकवावे, त्यांच्या सणांविषयी व धर्माविषयी आदराने बोलावे, आणि त्यांनी आपण होऊन काही विचारले, तर नम्रपणे व खरे ते सांगावे.

शेवटी आईबापांस एक विनंती. उपदेशकाकडे मूल आठवड्यातून एक तास असते, तुमच्याकडे सर्व आठवडा. रात्री भाकरी खाताना त्यास "आज काय शिकलास?" एवढेच विचारून राहू नका, "आज तू काय विचारलेस?" असेही विचारा. पहिले काही दिवस ते काहीच बोलणार नाही. तरी विचारीत जा. ज्या घरात मुलाचा प्रश्न ऐकून घेतला जातो, त्या घरातील मुलास तालुक्याच्या शाळेत मान खाली घालावी लागणार नाही.