आधी ऐक, मग फोड

१९९१च्या उन्हाळ्यात, दहावीचा निकाल लागायच्या आतच, मी एका मिस्त्रींच्या हाताखाली लागलो. काम काय, तर पुण्यातल्या पेठांमधल्या वाड्यांच्या अंधाऱ्या जिन्यांवरून व्हाइस आणि डायचा सेट वर न्यायचा. वीस फुटी जीआय पाईप जिन्यात वळायचे नाहीत, ते बाहेरून दोरीने ओढून घ्यायचे. मिस्त्री बोलायचे कमी. भिंतीतली गळती शोधायची तर घरातला पंखा बंद करायला लावायचे, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पाईपवर टेकवायचे आणि मुठीला कान लावायचे. मी शेजारी छिन्नी-हातोडा घेऊन उतावीळ. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य, "आधी ऐक, मग फोड."

तेव्हापासून आजवर जेवढ्या दुरुस्त्या केल्या, त्यातल्या निम्म्या तरी पाईपच्या नव्हत्या. त्या कुणाच्या तरी घाईच्या होत्या. काही माझ्याच. आठवलं तसं लिहितोय, क्रमाला अर्थ नाही.

१. ओल दिसते तिथं गळती नसते.

कोथरूडच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूमच्या छताला पंख्याभोवती ओल. वरच्यांनी संडास-बाथरूम दोनदा फोडून टाइल्स नव्या घातलेल्या. दोन्ही घरांचं बोलणं बंद. मी गेलो आणि हत्यार न काढता काकूंना विचारलं, "ओल वाढते कधी?" त्यांना नेमकं ठाऊक होतं, एवढ्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. म्हणाल्या, एक दिवसाआड, दुपारी. वरच्या वहिनी एक दिवसाआड सकाळी मशीन लावायच्या. ड्राय बाल्कनीतल्या मशीनच्या पाण्याची जाळी टाइलपासून सुटली होती. पाणी फरशीखालून स्लॅबच्या उताराने गेलं, विजेच्या पाईपमध्ये शिरलं आणि पार दुसऱ्या खोलीत पंख्याच्या हुकापाशी उतरलं. स्लॅबचा उतार घराचा नकाशा बघून नसतो.

तेव्हापासून माझे प्रश्न ठरलेले. थेंब रात्रंदिवस सारखा पडतो का? मग दाबाची, म्हणजे पुरवठ्याची लाईन. वापरानंतर पडतो का? मग सांडपाण्याची. फक्त पावसाळ्यात का? मग प्लंबरला सोडा, गच्ची आणि बाहेरची भिंत बघा. एवढं विचारायला पैसे लागत नाहीत, म्हणूनच बहुधा कुणी विचारत नाही.

फ्लश टँकची चोरटी गळतीही अशीच ऐकून कळते, पण कान नसेल तर टँकमध्ये चिमूटभर नीळ टाका. पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात निळं पाणी दिसलं की आतलं रबर गेलं.

२. मेन चावी कुठे आहे ते घरातल्या पोरालाही ठाऊक हवं.

रात्री साडेअकराचा फोन, अँगल कॉक हातात तुटून आलाय. जाऊन पाहतो तर आजोबा भोकावर टॉवेल दाबून बसलेले, बाकी घर बादल्यांच्या रांगेत. गच्चीवरची चावी कुणाला माहीत नाही. सापडली तर बारा वर्षांत फिरवलेली नसल्याने जाम. गेट व्हॉल्व असो की बॉल व्हॉल्व, दोन-तीन महिन्यांतून एकदा बंद-चालू करायचा. चावीला खडू-रंगाने नाव लिहायचं. बस.

३. सोल्यूशन सुकायला वेळ द्या, आणि टाइल्सवाल्याला थांबवा.

जीआयच्या जमान्यात सांध्याला सूत आणि सफेदा लागायचा, आटे पाडताना हातांना तेलाचा वास. पुढे सीपीव्हीसी आलं आणि सगळ्यांना वाटलं, आता काय, चिकटवायचं आणि निघायचं. पाईप सरळ कापायचा, आतली-बाहेरची कड साफ करायची, पाईपला आणि फिटिंगला दोन्हीकडे सोल्यूशन लावायचं, पाव फेरा फिरवत आत बसवायचं आणि मनात तीसपर्यंत मोजत धरून ठेवायचं. हे धरून ठेवणंच कुणाला जमत नाही.

माझी चूक सांगतो. २००३ साली एका बंगल्याचं काम. टाइल्सवाला मिस्त्री दारात, मालक घड्याळ बघतोय. माप बघायला मी एक एल्बो कोरडाच बसवला आणि सोल्यूशन लावायचं विसरलो. प्रेशर टेस्ट केलीच नाही. कोरडा सांधाही घट्ट बसलेला असतो, कमी दाबात महिनोन्‌महिने धरतो. चौथ्या महिन्यात गच्चीवर नवा पंप बसला आणि त्या रात्री तो सांधा निसटला. इटालियन मार्बल माझ्या खिशातून गेलं. आता सोल्यूशन लावलेल्या प्रत्येक सांध्यावर मार्करने रेघ मारतो. रेघ नाही तो सांधा कोरडा. हातपंपाने लाईनमध्ये दाब भरायचा, दाबाच्या घड्याळावरचा आकडा लिहून ठेवायचा आणि सकाळी बघायचा. टाइल्सवाला शिव्या देतो, देऊ द्या. भिंत बुजायच्या आधी टेप धरून मोबाइलवर फोटोही काढा. नाहीतर टॉवेलच्या रॉडसाठी ड्रिल मारणारा माणूस पाईप बरोबर शोधून काढतो.

४. दाब विकत मिळत नाही, उंचीने मिळतो.

दहा मीटर उंचीच्या पाण्याला साधारण एक किलोचा दाब. हिशोब एवढाच. वरच्या मजल्यावर शॉवर आणि टाकी यांच्यात अडीच मीटर अंतर असेल तर पाव किलो दाब मिळणार. त्यावर बारा इंची रेन शॉवर लावला तर पाऊस नाही, दव पडतं. दुकानदार हे सांगत नाही. शॉवर आणल्यावर मग मला बोलावून प्रेशर पंपाचं विचारतात. उलट, दहा मजली इमारतीत तळमजल्याला तीन किलो दाब येतो. तिथं स्वस्तातला कनेक्शन पाईप सुट्टीवर गेलेल्या घरातच फुटतो.

५. गुरुवार.

दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने. पुणेकरांना ही बातमी पाठ आहे. आमचा धंदा शुक्रवारचा. टाकी तळाला गेली की पाईपात हवा शिरते, पाणी आलं तरी बेसिनच्या नळाला फुसफुस. लोक नळ बदलायला निघतात. तळच्या नळातून हवा ओढून काढली किंवा दाबाच्या नळाला होज लावून पाणी उलटं ढकललं की काम होतं. गढूळ पाण्यातली वाळू नळाच्या तोंडच्या जाळीत अडकते, ती जाळी हाताने काढून धुवा. बोअरचं पाणी असेल तर क्षारांचा पापुद्रा धरतो, रात्रभर लिंबाच्या रसात ठेवा. यासाठी मला बोलावलंत तर मी येतो, पण पैसे घेताना लाज वाटते. (घेतो.)

६. नहाणीत काय जातं ते बघा.

दिवाळीनंतरचे चार दिवस आमच्यासाठी सुगीचे. चकल्या-करंज्यांची उरलेली तळणी सिंकमध्ये, त्यावर चहाचा चोथा. वरून उकळतं पाणी ओतलं की झालं, असं घराघरांत मानतात. तेल पातळ होऊन पुढे सरकतं आणि दहा फुटांवर थंड होऊन थिजतं. आधी हाताशी असलेला बोळा आता शाफ्टमध्ये. रांगोळीचं कुणाला सुचत नाही. ती दगडाची पूड. अंगण धुतलं की जाळीतून खाली जाते आणि ट्रॅपच्या तळाशी बसते. एकदा तो थर मला छिन्नीने काढावा लागला होता. अ‍ॅसिड आणि दुकानातली ड्रेन पावडर एकावर एक ओतायचं नाही. माझ्या उजव्या मनगटावरचा डाग कुणाच्या तरी अशाच प्रयोगाचा आहे.

हॉटेलात हेच शंभरपट. एका मिसळवाल्याचं चेंबर महिन्याला तुंबायचं. "शेठ, ग्रीस ट्रॅप आहे का?" आहे म्हणाले, अगदी अभिमानाने. उघडला तर वर तर्रीचा लाल थर, वितभर जाड. तेल वर तरंगतं, खालून पाणी निघून जातं, एवढीच त्या पेटीची युक्ती. पण वरचं तेल रोज कुणीतरी काढलं पाहिजे. पेटी बसवायला पैसे दिले होते, काढणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बंद घरातला वास मात्र तुंबण्याचा नसतो. ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी उभं असतं, तेच गटाराचा वास अडवतं. मुलगा अमेरिकेत, फ्लॅटला कुलूप, उन्हाळ्यात ते पाणी उडून जातं. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवा, पंधरा दिवसांनी तांब्याभर पाणी ओतायला सांगा. जाताना वरून चमचाभर गोडं तेल सोडलं तर जास्त टिकतं.

७. चेंबरमध्ये माणूस उतरत नाही.

१९९६ साली एका व्यापारी इमारतीच्या आठ फुटी चेंबरमध्ये मी कमरेला दोरी बांधून उतरलो. दोरी मिस्त्रींच्या हातात. आधी सडक्या अंड्यासारखा वास होता, मग तो नाहीसा झाला. मला वाटलं, सवय झाली. तो वायू वाढला की नाकच मरतं, वास गेला म्हणजे हवा चांगली झाली असं नव्हे, हे मला नंतर कळलं. डोळ्यांपुढे पिवळं झालं एवढं आठवतं. वर काढल्यावर मिस्त्रींनी मला फुटपाथवर झोपवलं आणि स्वतः कितीतरी वेळ बोललेच नाहीत. त्यानंतर आम्ही दोघं कधी उतरलो नाही.

२०१३च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टाकीत असं माणूस उतरवण्याला बंदी आहे. तरी आजही सोसायटीचे चेअरमन म्हणतात, "दादा, नुसतं डोकावून बघा ना, पाच मिनिटांचं काम." पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. जेटिंगची गाडी बोलवा. ती महाग वाटत असेल तर माझ्याऐवजी दुसरा प्लंबर बोलवा, पण मी त्याचा नंबर देणार नाही.

८. गीझरच्या थेंबाला बूच मारू नका.

सेफ्टी व्हॉल्वमधून थेंब पडतो म्हणून लोक तिथं प्लग लावून घेतात. मीही सुरुवातीला एक-दोन लावले असतील, आठवलं की घाम फुटतो. थर्मोस्टॅट अडकला तर वाफेला बाहेर पडायला तेवढीच वाट असते. आणि गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत मी बसवत नाही. जळायला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही. दोन गिऱ्हाइकं माझ्या या हट्टापायी हातची गेली.

९. उघडायची सोय ठेवा.

लाईनमध्ये युनियन, टबच्या खाली झाकण, शाफ्टला हात जाईल एवढी फट. बसवणाऱ्याला पुन्हा काढायचं नसतं, म्हणून तो ठेवत नाही.

१०. नवी पोरं.

आता माझ्याकडची चारपैकी तीन पोरं ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातली. देशभर प्लंबर पुरवणारा तो मुलूख, तिथल्या पट्टामुंडाईला प्लंबिंगची सरकारी संस्थाही आहे. सुताला ते काय म्हणतात हे मला अजून धड उच्चारता येत नाही. गेल्या महिन्यात एका घरी भिंतीतून पाणी झिरपत होतं. मी मालकांशी दराचं बोलत होतो आणि पोराला म्हणालो, "चल, छिन्नी काढ." तो हलेना. त्याने खिशातून लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक पाईपवर टेकवलं आणि मुठीला कान लावला. हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं. त्याच्या सुरतेतल्या मामाने म्हणे. मान न वळवता त्याने एक हात वर केला, पंख्याकडे बोट दाखवलं आणि मला म्हणाला, "चाचा, बंद करो. और थोडा चुप."