पाहावे, वाचावे, पण भिंतीवर लिहू नये



सुगी आटोपली, हाताला थोडी उसंत मिळाली, की एक-दोन दिवस काढून आपले जिल्ह्याचे शहर पाहावे. दूरदूरच्या देशांतून लोक ते पाहायला येतात. आपण जवळचे, म्हणून पाहत नाही. पिकते तेथे विकत नाही म्हणतात, ते असे.

आता तुम्हांला वाचता येते. तेव्हा ही सहल जास्त गोड लागेल.

शहर

या शहराच्या जागी पूर्वी खडकी नावाचे खेडे होते. १६१० साली मलिक अंबर याने तेथे शहर वसविले. मलिक अंबर हा आफ्रिकेतील हबसाणचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. पण अकलेच्या आणि हिमतीच्या जोरावर तो अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला. त्याने डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. पुढे औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना शहराला औरंगाबाद हे नाव पडले. २०२३ साली ते छत्रपती संभाजीनगर झाले.

पाणचक्की

खाम नदीच्या काठी पाणचक्की आहे. येथेही डोंगरातले पाणी खापराच्या नळांतून आणले. ते उंच भिंतीवर चढविले आणि तेथून हौदात सोडले. त्या पाण्याच्या जोराने चाक फिरे, चाकाबरोबर जाते फिरे. फकिरांसाठी व वाटसरूंसाठी त्यावर दळण होई. ना बैल, ना इंजिन! ज्या बायांनी पहाटे उठून जाते ओढले आहे, त्यांना या चक्कीचे मोल सांगायला नको.

बीबीचा मकबरा

औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर. आग्र्याच्या ताजमहालासारखी ती दिसते. घुमट संगमरवराचा आहे. भिंतींचा खालचा भाग संगमरवराचा, त्याच्यावर मात्र चुन्याचा गुळगुळीत गिलावा आहे.

आम्ही एका साक्षरता वर्गाची मंडळी घेऊन येथे गेलो होतो. त्यांतल्या एका गड्याने खालचा खडा उचलला आणि तो भिंतीकडे निघाला.

आम्ही विचारले, "काय करता, पाटील?"

तो म्हणाला, "नाव लिहितो की, गुरुजी. पन्नास वर्षं आंगठा उठवला. आता लिहिता येतंय, तर इथं आठवण राहू द्या."

त्याचे म्हणणे मनाला लागणारे होते. आम्ही त्याला रागावलो नाही. त्याला दरवाजापाशी नेले. त्या दरवाजावर दोन नावे कोरलेली आहेत. एक अताउल्ला, दुसरे हंसपतराय. एकाने इमारतीचा आराखडा केला, दुसऱ्याने ती उभी करविली.

आम्ही म्हणालो, "पाटील, यांनी एवढे काम केले, तेव्हा दारावर नाव आले. आपण तर पाहुणे. पाहुण्याने यजमानाच्या भिंतीवर नाव लिहावे काय?"

गड्याने खडा खाली टाकला. "वहीत लिहितो," म्हणाला. त्याने वही काढली. तारीख घातली, जागेचे नाव घातले, खाली सही केली. ती आठवण पक्की झाली.

देवगिरी आणि वेरूळ

शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला आहे. ही यादवांची राजधानी. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे हलविली होती. किल्ल्यात अंधारी नावाची काळोखी वाट आहे. तेथे हातबत्ती जवळ ठेवा.

पुढे वेरूळ. शहरापासून सुमारे ३० किलोमीटर. तेथे ३४ लेणी आहेत. बौद्ध, हिंदू आणि जैन, तिन्ही धर्मांची लेणी एका डोंगरात शेजारी शेजारी आहेत. सोळाव्या नंबरचे कैलास लेणे नीट पाहा. ते आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी खोदले. आपण घर बांधतो तेव्हा पाया आधी आणि माथा शेवटी. येथे उलटे झाले. डोंगराच्या माथ्यापासून खाली खोदत आले. आधी कळस, शेवटी पायथा. मागचा कडा शंभर फुटांहून उंच आहे. छिन्नीचा एक घाव चुकला, तर दगड परत जोडता येत नव्हता. किती पाथरवट राबले असतील! त्यांतल्या बहुतेकांची नावे कोठेच लिहिलेली नाहीत. त्यांचे काम मात्र बाराशे वर्षे बोलते आहे.

अजिंठा

अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटर. तेथील चित्रे जगात नावाजलेली आहेत. ती कशावर काढली? माती आणि भाताचा तूस कालवून केलेल्या गिलाव्यावर. म्हणजे आपल्या घरच्या भिंतीसारखाच तो गिलावा. रंगही गेरू, पिवळी माती, काजळी असे. अशा भिंतीला खिळा लागला, तर पोपडा सुटतो. सुटलेले चित्र पुन्हा मिळत नाही.

१८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अंमलदार शिकारीच्या निमित्ताने तेथे आला. त्याने दहा नंबरच्या लेण्यातील खांबावर आपले नाव आणि तारीख खरडली. ते खरडणे आजही दिसते. तो तर शिकलेला होता! तेव्हा नुसते अक्षर येणे पुरे नाही. ते कोठे लिहावे हेही कळले पाहिजे.

कायदाही आहे. संरक्षित स्मारक खराब केले, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

जाताना ध्यानात ठेवा

१. बसची पाटी स्वतः वाचा. मगच चढा.
२. वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात.
३. स्मारकाच्या दारातील फलक वाचा. बरोबरच्या पोरांना वाचून दाखवा.
४. भिंतीला खडा, कोळसा, खिळा लावू नका. चित्रांना हात लावू नका.
५. जवळ वही ठेवा. नाव तिच्यात लिहा.

नवे शब्द

नहर – पाण्याचा पाट
पाथरवट – दगड घडविणारा कारागीर
स्मारक – आठवण राहावी म्हणून जपलेली वास्तू

प्रश्न

१. पाणचक्कीचे जाते कशाने फिरे?
२. मकबऱ्याच्या दारावर कोणाची नावे आहेत? का?
३. कैलास लेणे कोठून कोठे खोदत आले?
४. तुमच्या गावातील जुनी बारव, वेस किंवा देऊळ पाहून या. त्याविषयी पाच ओळी वहीत लिहा.