सरकारी धोरणाची मुदत आणि शेतकऱ्याचें भांडवल

शेतकरी जेव्हां साठवण, प्रक्रिया किंवा परदेशची विक्री यांत पैसा घालतो, तेव्हां तो कारखानदारच होतो. अशा धंद्यास पावसाइतकाच सरकारी धोरणाचाही भरंवसा लागतो. नाशिक जिल्ह्यांतील दोन उदाहरणें आपण येथें पाहूं.

पहिलें द्राक्षांचें. सन २००१ मध्यें महाराष्ट्र सरकारनें द्राक्षांच्या वाइनवरील उत्पादनशुल्क दहा वर्षांसाठीं माफ केलें. निफाड तालुक्यांत विंचूर येथें या धंद्यासाठीं खास वसाहतही झाली. मुदत आधींच ठाऊक असल्यानें भांडवल घालणारास हिशेब मांडतां आला व जिल्ह्यांत अनेक कारखाने निघाले. परंतु सन २००८ च्या जागतिक मंदींत मागणी घटली व लहान कारखान्यांचा माल पडून राहिला. सवलतीनें खर्च कमी होतो. गिऱ्हाईक मिळतेंच असें नाहीं.

दुसरें कांद्याचें. ऑगस्ट २०२३ मध्यें केंद्र सरकारनें ४० टक्के निर्यातशुल्क बसविलें. ऑक्टोबरअखेर दर टनास ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य ठरविलें. ८ डिसेंबर रोजीं निर्यातच बंद केली. त्या वेळीं बाजारांत लाल कांदा येत होता. तो चाळींत टिकत नसल्यानें मिळेल त्या भावानें विकणें प्राप्त झालें. मे २०२४ मध्यें बंदी उठली, तरी शुल्क व ५५० डॉलरची अट राहिली. सप्टेंबरांत ती अट जाऊन शुल्क २० टक्के झालें व १ एप्रिल २०२५ पासून तेंही उठलें. वीस महिन्यांच्या आंत सहा वेळां नियम पालटले!

शहरांतील गरिबांस कांदा स्वस्त मिळावा हा हेतु गैर आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु चाळ बांधण्यास काढलेलें कर्ज कित्येक वर्षें फेडावयाचें असतें, आणि नियम मात्र एका हंगामांतच बदलतो. अशा स्थितींत नवा धंदा काढण्यास कोण धजेल?

म्हणून शेतकरी बंधूंनीं कर्ज काढण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या. सवलत संपण्याच्या आंत भांडवल फिटेल काय? निर्यात बंद झाल्यास देशांतील भावावर हप्ता निघेल काय? दोन्हींचें उत्तर नकारार्थी असेल, तर धंदा लहान ठेवावा किंवा अनेकांनीं मिळून करावा. तसेंच, नियम बदलणें असेल तर तो लागवडीपूर्वीं जाहीर व्हावा, ही मागणी आपल्या संघांनीं एकमुखानें सरकारपुढें मांडावी, अशी आमची सूचना आहे.