बालाजी घाटावरच्या बालवाडीसाठी

चि. भाचीस,


काशीत बालाजी घाटाजवळच्या जुन्या वाड्यात तू बालवाडी काढते आहेस, हे वाचून फार समाधान वाटलं. मंगळागौरी, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा सगळा पट्टा मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला आहे. पेशवाईच्या काळापासून तिथे मंदिरं उभी राहिली, घाट बांधले गेले, वेदपाठशाळा चालल्या. त्याच वस्तीत आता लहान मुलांसाठी काही उभं राहतंय, याचं मोल मोठं आहे. तू वर्षभराच्या उपक्रमांची यादी मागितली आहेस. यादी करणं कठीण नाही, बाजारात तशी पुस्तकं ढिगांनी मिळतात. पण यादी हाती घेण्याआधी एक गोष्ट तुझ्या मनात पक्की व्हायला हवी. हाताने करायचं काम या वयात अभ्यासाच्या आधीची करमणूक नसते, तोच मुलाचा अभ्यास असतो. मात्र त्या कामातून मुलाला नेमकं काय उमगायला हवं, हे शिक्षिकेने आधी ठरवलेलं असलं तरच तो अभ्यास होतो. या गोष्टीचे दोन्ही भाग सारखेच महत्त्वाचे आहेत. पहिला सोडला तर बालवाडीची लहान शाळा होते, दुसरा सोडला तर नुसतं पाळणाघर होतं.

हा विचार काही आजचा नाही. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ साली चेंडू, ठोकळे, नळकांडी मुलांच्या हाती दिली. रोममध्ये १९०७ साली माँटेसरीबाईंनी गरीब वस्तीतल्या मुलांसाठी पहिलं बालगृह उघडलं. भावनगरला १९२० साली गिजुभाई बधेकांनी बालमंदिर सुरू केलं. पण तुला सर्वांत जवळचा दाखला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा आहे. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाईंच्या बरोबरीने काम केलं, १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ उभारला, आणि १९४५ साली ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी आल्या. तिथे त्यांच्यासमोर जो प्रश्न आला, तोच निराळ्या रूपात तुझ्यासमोर येणार आहे. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येतच नव्हती. मग बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर हे काम विस्तारलं. माँटेसरीचं महागडं लाकडी साहित्य तिथे परवडणारं नव्हतं. त्याची जागा शंख-शिंपल्यांनी, बियांनी, पानांनी, खड्यांनी घेतली. म्हणजे तत्त्व कायम ठेवून साहित्य बदलता येतं, हे आपल्याच भाषेतल्या दोन बायकांनी करून दाखवलं आहे. अंगणवाड्यांची एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली आली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

आता हाताचं काम म्हणजेच अभ्यास, हे खरं कशावरून? एक साधा प्रयोग तुझ्या बालवाडीत करून बघ. दोन सारख्या कुल्हडांत सारखं पाणी भर आणि मुलाला विचार, पाणी सारखं आहे ना? ते हो म्हणेल. मग त्याच्यादेखत एका कुल्हडातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओत आणि तोच प्रश्न पुन्हा विचार. चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं सांगतील की पेल्यात जास्त आहे. झ्याँ पियाजेने जगापुढे आणलेली ही गोष्ट आहे. मुलाला तू दहा वेळा सांगितलंस की अरे, पाणी तेवढंच आहे, तरी ते डोळ्यांवरच विश्वास ठेवतं. ते पाणी त्याने स्वतः परत कुल्हडात ओतलं, पुन्हा पेल्यात ओतलं, थोडं सांडलं, पुसलं, असं महिनोन्‌महिने चाललं की हळूहळू त्याला कळू लागतं की आकार बदलला तरी पाणी तेच राहतं. कमी-जास्त, सारखं, अर्धं या शब्दांचा अर्थ तिथे तयार होतो, आणि पुढचं सगळं गणित त्या अर्थावर उभं राहतं.

याहून काटेकोर पुरावा हवा असेल तर अमेरिकेतल्या गीता रमानी आणि रॉबर्ट सीगलर यांचं २००८ सालचं काम आहे. गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना त्यांनी एका सरळ रेषेत मांडलेल्या १ ते १० घरांचा खेळ दिला. भिंगरी फिरवायची, एक किंवा दोन आलं की सोंगटी तेवढी पुढे सरकवायची आणि सोंगटी ज्या घरात जाईल त्या घराचा आकडा मोठ्याने म्हणायचा. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांची चार सत्रं झाली, एवढंच. त्या मुलांची अंकांची समज स्पष्ट सुधारली आणि नऊ आठवड्यांनी पाहिलं तेव्हाही ती टिकून होती. दुसऱ्या गटाला अगदी तसाच पट दिला होता, फक्त घरांत आकड्यांऐवजी रंग होते. त्या मुलांची अंकांची समज सुधारली नाही. या दोन गटांतला फरक नीट लक्षात घे, माझ्या सांगण्याचं सार त्यात आहे. खेळ दोन्ही गटांनी खेळला, हातही दोघांचे चालले, मजाही दोघांना आली. शिकला तो गट, ज्याच्या खेळात शिकण्याची गोष्ट आधीच विणलेली होती. वाड्याच्या चौकात खडूने दहा घरं आख आणि मुलालाच सोंगटी कर. मात्र तिसऱ्या घरावरून दोन घरं पुढे जाताना त्याने 'एक, दोन' न म्हणता 'चार, पाच' म्हणायला हवं. एवढ्या एका बदलाने खेळाचा धडा होतो.

पालकांचा आक्षेप मात्र पहिल्याच आठवड्यात येईल. 'खेळ घरीही होतो, आमच्या मुलाला लिहायला कधी शिकवणार?' हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नकोस. चांगल्या शाळेत प्रवेश मिळेल का, ही त्यामागची काळजी खरी असते. त्याला उत्तर दोन प्रकारे दे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, त्यात खेळातून आणि कृतीतून शिकवावं असं म्हटलं आहे, आणि पहिलीचं वय सहा पूर्ण असं धरलं आहे. तेव्हा साडेतीन वर्षांच्या मुलाच्या वहीत पानं भरवून घेण्याला धोरणाचाही आधार नाही. दुसरं उत्तर लिहिण्याबद्दलचंच आहे. इंडियाना विद्यापीठातल्या कॅरिन जेम्स यांनी २०१२ साली, अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांकडून अक्षरं तीन तऱ्हांनी करून घेतली: आपल्या हाताने काढून, आखलेल्या रेषांवरून गिरवून आणि कळ दाबून. नंतर ती अक्षरं पाहताना मुलांच्या मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा वाचनाशी जोडलेले भाग जागे झालेले दिसले ते स्वतःच्या हाताने काढलेल्या अक्षरांच्या बाबतीत. ते प्रयोग रोमन अक्षरांवरचे आहेत. आपल्या बाराखडीची वळणं त्याहून गुंतागुंतीची, म्हणून मला ही गोष्ट आपल्याकडे अधिकच महत्त्वाची वाटते. ठिपक्यांवरून पन्नास वेळा 'क' गिरवण्यापेक्षा वाळूच्या ताटात बोटाने वेडावाकडा का होईना पण आपला 'क' काढणं मुलाला जास्त देतं. त्याआधी बोटांत बळ यायला हवं, ते मातीचे गोळे वळून, झेंडूची फुलं ओवून, कणीक तिंबून, चिमटीने डाळ-तांदूळ वेगळे करून येतं. पालकांना हे असंच समजावून सांग: लिहिणं मी टाळत नाही, त्याची तयारी करून घेते आहे.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो, आणि तो शिकलेल्या माणसांकडून येतो. मूल आपोआप शिकतं, मोठ्यांनी मध्ये पडू नये, असं ते म्हणतात. तुझ्या घाटावरचंच उदाहरण ते देतील. बालाजी मंदिराच्या नौबतखान्यात बिस्मिल्ला खाँसाहेबांनी वर्षानुवर्षं रियाज केला. त्यांच्या बालपणीची एक हकिगत यतींद्र मिश्र यांनी लिहिली आहे. चारेक वर्षांचे असताना ते आजोबांची शहनाई लपून ऐकत, आणि आजोबा उठून गेले की लहान-मोठ्या शहनायांच्या गर्दीत ती 'गोड' शहनाई शोधत बसत, एकेक उचलून टाकून देत. मामा अलीबक्ष वाजवता वाजवता समेवर आले की हा मुलगा धाडकन एक दगड जमिनीवर आपटायचा. ताल त्याच्या हातात उतरला होता, आणि तो कुणी फळ्यावर लिहून दिलेला नव्हता, हे खरंच आहे. पण त्याच्यासमोर रोज सम दाखवणारा उस्ताद बसलेला होता, हेही तितकंच खरं. शिवाय असामान्य प्रतिभेच्या एका मुलावरून सगळ्या मुलांसाठी नियम करता येत नाही. तुझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरात असं वातावरण नसेल. ते देणं हे तुझं काम आहे.

म्हणून मध्ये पडावं, पण मोजकं. माँटेसरी पद्धतीतला तीन पायऱ्यांचा पाठ त्यासाठी फार उपयोगी आहे. एक कुल्हड वाळूने भर, एक रिकामा ठेव. दोन्ही मुलाच्या हातात देऊन म्हण, 'हा जड. हा हलका.' थोड्या वेळाने म्हण, 'मला जड दे. आता हलका दे.' ते जमल्यावरच एक पुढे करून विचार, 'हा कसा आहे?' मूल चुकलं तर 'चूक' म्हणू नकोस, पहिल्या पायरीवर परत ये. एवढंच बोलायचं आणि हात मागे घ्यायचा. इथे भाषेचाही प्रश्न सुटतो. तुझी मुलं घरी मराठी ऐकतील, गल्लीत बनारसी बोली आणि हिंदी, आणि पुढे शाळेत इंग्रजी. पालक विचारतील, एवढ्या भाषांत मूल गोंधळणार नाही का? वस्तू हातात असताना ऐकलेला शब्द मुलाला पक्का बसतो, मग तिला दोन नावं असली तरी. आधी मराठीत 'जड' नीट कळू दे, मग 'भारी' लगेच येईल. अनुभवच नसेल तर कोणत्याही भाषेतला शब्द नुसता पाठ होतो.

तिसरी अडचण पैशाची. रंगीत प्लॅस्टिकचे संच घेऊन विक्रेते दारात येतील. ताराबाईंचा धडा आठव आणि काशीकडेच बघ. खोजवाँ-कश्मीरीगंज भागात लाकडी, लाखेच्या रंगांची खेळणी बनवणारे कारागीर आहेत. या खेळण्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. भोवरे, खुळखुळे, एकात एक बसणाऱ्या बाहुल्या त्यांच्याकडून घे. लहान-मोठं, आत-बाहेर, आधी-नंतर, सगळं त्या एका बाहुलीत आहे. कुल्हड, पळसाच्या पानांचे द्रोण, फुलबाजारातला उरलेला झेंडू, कापडाच्या चिंध्या, चिंचोके, इतकं पुरेसं आहे. दोन गोष्टींत मात्र कसूर नको. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांना चिंचोके, मणी, मोत्याएवढे खडे एकट्यात देऊ नकोस, ती नाकातोंडात घालतात. आणि पायऱ्यांवरचा कोणताही खेळ घाटावर न घेता वाड्याच्या आतल्या पायऱ्यांवर घे. गंगेच्या काठी मुलांना न्यायचं ते बघायला आणि ऐकायला, तेही मोठी माणसं भरपूर सोबत असतानाच. पावसाळ्यात पाणी पायऱ्या गिळत वर येतं तेव्हा अजिबात नाही.

शेवटचा आक्षेप तुझा स्वतःचाच असेल: पंचवीस मुलं, मी आणि एक मदतनीस, हे व्हायचं कसं? सगळ्यांना एकाच वेळी एकच काम देऊ नकोस. चार कोपऱ्यांत चार कामं मांड, पाण्याचं, मातीचं, ओवण्याचं, आखलेल्या घरांचं, आणि मुलांना फिरतं ठेव. तू एका कोपऱ्यात पाच-सहा मुलांजवळ बस. रोज संध्याकाळी दोन मुलांबद्दल दोन-दोन ओळी लिही: आज याने काय केलं, कुठे अडलं. पालकांसमोर ठेवायला वहीतल्या पानांपेक्षा हा पुरावा मोलाचा ठरेल, आणि उद्या कोणतं काम मांडायचं हे ठरवायला तुलाही त्याचीच मदत होईल.

तेव्हा यादी माझ्याकडून मागू नकोस, तूच कर. प्रत्येक उपक्रमापुढे एक ओळ लिही, 'यातून मुलाला काय कळेल?' ज्यापुढे ती ओळ लिहिता येणार नाही, तो उपक्रम कितीही सुंदर दिसला तरी गाळून टाक. पहिल्या महिन्याची यादी अशी तयार झाली की मला पाठव. आणि पालकांनी कितीही घाई केली तरी मुलांच्या हातातली माती काढून पेन्सिल देण्याची घाई तू करू नकोस.

तुझी,
मावशी