इलेक्ट्रॉनांची बंदूक

बराकपूर हे नाव मराठी वाचकाला बंदुकीमुळे ठाऊक आहे. २९ मार्च १८५७ रोजी तेथील छावणीच्या मैदानावर मंगल पांडे यांनी बंदूक रोखली. ज्या काडतुसांवरून तो असंतोष पेटला, त्यांच्याविषयीची कुजबुज जवळच्याच दमदमला सुरू झाली होती. या छावणीच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर, कोलकात्याच्या विधाननगरात, परिवर्ती ऊर्जा सायक्लोट्रॉन केंद्र आहे. या केंद्राने २००८ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथील ट्रायम्फ या प्रयोगशाळेशी करार करून इलेक्ट्रॉनांच्या एका शक्तिशाली वेगवर्धकाचे काम हाती घेतले. त्या वेगवर्धकाच्या आरंभीही एक बंदूकच आहे. तिच्यात दारू नाही, नळी नाही आणि घोडाही नाही; मात्र तिच्यातून इलेक्ट्रॉनांचा जो झोत निघतो त्याच्या गुणदोषांवर पुढच्या सगळ्या यंत्राचे भवितव्य अवलंबून असते.

‘बंदूक’ हे नाव सोयीचे असले तरी थोडेसे फसवे आहे. शिशाच्या दोन गोळ्या शेजारी शेजारी निघाल्या तर एकमेकींची दखल घेत नाहीत. इलेक्ट्रॉन मात्र सारेच ऋण विद्युत् भाराचे असल्यामुळे जन्मल्या क्षणापासून परस्परांना दूर लोटू पाहतात. त्यांना एकत्र, एका दिशेने आणि ठरल्या वेळी बाहेर काढणे हेच या बंदुकीचे खरे काम होय.

कोलकात्याला हा विषय नवा नाही. मेघनाद साहा यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्ता विद्यापीठात सायक्लोट्रॉन उभारण्याचा घाट घातला. त्यांचे विद्यार्थी बी. डी. नागचौधुरी यांनी अमेरिकेत बर्कले येथे लॉरेन्स यांच्या प्रयोगशाळेत शिक्षण घेतले होते. यंत्राचे काही भाग कलकत्त्यास पोहोचले. परंतु निर्वात पंप घेऊन येणारे जहाज युद्धात बुडाले आणि काम वर्षानुवर्षे रेंगाळले. चुंबक हाताशी आहे पण हवा काढून टाकण्याचे साधन नाही, अशी ती स्थिती होती. पुढे १९७७ साली विधाननगरातील मोठ्या सायक्लोट्रॉनमधून पहिला झोत निघाला. ही दोन्ही यंत्रे इलेक्ट्रॉनांसाठी नव्हेत, तर प्रोटॉन आणि इतर अणुकेंद्रांसाठी होती. पण निर्वाताची ती गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या बंदुकीच्या संदर्भात ती पुन्हा येणार आहे.

इलेक्ट्रॉन मिळवायचे कोठून? प्रत्येक धातूत मोकळेपणाने फिरणारे इलेक्ट्रॉन असंख्य असतात. ते धातूबाहेर पडत नाहीत, कारण पृष्ठभागाशी त्यांना एक उंबरठा ओलांडावा लागतो. या उंबरठ्याच्या उंचीला कार्यफलन म्हणतात. टंगस्टनच्या बाबतीत ती सुमारे साडेचार इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. धातू तापवला की काही थोड्या इलेक्ट्रॉनांना हा उंबरठा ओलांडण्याइतकी ऊर्जा मिळते आणि ते बाहेर पडतात. या उत्सर्जनाचा नियम ओवेन रिचर्डसन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शोधून काढला. त्याबद्दल त्यांना १९२८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. या नियमातील लक्षणीय गोष्ट अशी की तापमानात थोडा फरक पडला तरी इलेक्ट्रॉनांच्या संख्येत फार मोठा फरक पडतो. २५०० केल्व्हिन तापमानाचा टंगस्टनचा तंतू केवळ शंभर अंशांनी थंड झाला, तर त्यातून मिळू शकणारा प्रवाह निम्म्याहूनही कमी होतो.

ज्यांच्या घरी पूर्वी जाडजूड काचेच्या नळीचा दूरचित्रवाणी संच होता, त्यांनी हे उत्सर्जन नकळत पाहिलेले आहे. बटण दाबल्यावर चित्र उमटायला काही क्षण लागत. त्या वेळात नळीच्या मानेतील इलेक्ट्रॉन-बंदुकीचे ऋणाग्र तापत असे. चित्रनळीचे संच आता घरांतून गेले. त्यांच्याबरोबर सामान्य माणसाच्या नित्य सहवासातील बहुधा एकमेव कणवेगवर्धकही गेला.

टंगस्टन दणकट असला तरी त्याला सुमारे २२०० अंश सेल्सियसपर्यंत तापवावे लागते. एवढ्या तापमानात धातू हळूहळू उडून जातो, तंतू झिजतो आणि एक दिवस तुटतो. म्हणून उंबरठाच खाली आणण्याचे प्रयत्न झाले. सच्छिद्र टंगस्टनमध्ये बेरियमची संयुगे मुरवली तर बेरियम सावकाश पृष्ठभागावर येत राहतो आणि कार्यफलन दोन इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास उतरते. मग सुमारे हजार अंशांतच काम भागते. लँथॅनम हेक्साबोराइड हा दुसरा पदार्थ. त्याला यापेक्षा जास्त तापवावे लागते, परंतु वाईट निर्वातात तो बेरियमच्या ऋणाग्रापेक्षा पुष्कळच तग धरतो. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील २० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा मायक्रोट्रॉन याच पदार्थातून आपले इलेक्ट्रॉन घेतो. त्याला निराळी बंदूक अशी नसतेच. उत्सर्जक वेगवर्धक पोकळीच्या भिंतीतच बसवलेला असतो.

इलेक्ट्रॉन बाहेर पडले, आता त्यांना ओढून घ्यायचे. समोर धनाग्र ठेवून दोहोंमध्ये मोठा विद्युत् दाब लावला की ते वेगाने धावू लागतात. धनाग्राच्या मध्यभागी छिद्र ठेवले की त्यातून झोत पलीकडे निघतो. इतके सोपे वाटते खरे, परंतु अडचण येथेच सुरू होते. ऋणाग्रापाशी इलेक्ट्रॉनांचा वेग नगण्य असतो, त्यामुळे तेथे त्यांची दाटी होते. या दाटीचा ऋण विद्युत् भार मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना परत लोटतो. मग ऋणाग्र कितीही तापवा, प्रवाह वाढत नाही. चाइल्ड यांनी १९११ मध्ये आणि लँगम्यूर यांनी १९१३ मध्ये या मर्यादेचे गणित मांडले. त्यानुसार विद्युत् दाब चौपट केला तर मिळणारा प्रवाह आठपट होतो. एरवी तारेतून वाहणाऱ्या विजेच्या बाबतीत आपण दाब चौपट तर प्रवाह चौपट असे शिकलेलो असतो. येथे तो हिशेब चालत नाही.

दाटीचा दुसरा परिणाम अधिक त्रासाचा आहे. झोत पुढे सरकत असताना कडेचे इलेक्ट्रॉन बाहेर ढकलले जातात आणि झोत छत्रीसारखा उघडू लागतो. जे. आर. पिअर्स यांनी १९४० साली यावर एक सुंदर तोड सुचवली. झोताच्या कडेला आपल्यासारखेच शेजारी आहेत असे इलेक्ट्रॉनांना भासवायचे! त्यासाठी ऋणाग्राभोवती झोताच्या कडेशी साडेसदुसष्ट अंशांचा कोन करणारी धातूची कड बसवली, तर तेथील विद्युत् क्षेत्र असे घडते की बाहेरच्या रेटण्याला नेमका तोल मिळतो आणि झोत सरळ राहतो. आजही बंदुकीचा आराखडा करणारा अभियंता बहुधा या कोनापासूनच प्रारंभ करतो. बाकीची दुरुस्ती संगणक करतो.

इतकी काळजी आरंभीच का घ्यावी? वेगवर्धक पुढे शेकडो पट ऊर्जा देणारच आहे, तेव्हा झोत पुढे कोठेतरी नीट करून घ्यावा, असे वाचकास वाटेल. त्याचे उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग सापेक्षतेचा. वेगाने एकत्र धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांमध्ये विद्युत् प्रतिकर्षणाबरोबर चुंबकीय आकर्षणही असते आणि वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जाऊ लागला की ते प्रतिकर्षणाला जवळजवळ छेद देते. पाच कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या झोतात शिल्लक राहणारा रेटा सुमारे एक दशसहस्रांश असतो. म्हणजे परस्परांना उधळण्याचा धोका सर्वांत मोठा असतो तो बंदुकीत आणि तिच्यापुढच्या काही हातांच्या अंतरात. बंदुकीला एक लाख व्होल्ट लावले तर इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ५५ टक्के वेगाने बाहेर पडतात, तीन लाख लावले तर ७८ टक्के. ट्रायम्फच्या बंदुकीसाठी तीन लाख व्होल्टांचा दाब निवडला, त्यामागे हाही विचार आहे.

दुसरा भाग याहून मूलभूत आहे. देवळातून बाहेर पडणारी गर्दी डोळ्यांपुढे आणावी. सगळ्यांना समोरच जायचे असले तरी प्रत्येक जण किंचित आपल्या कलाने चालतो. ऋणाग्रातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांनाही उष्णतेमुळे असा आडवा कल असतो. झोताची रुंदी आणि हा आडवा कल यांच्या गुणाकाराला एमिटन्स म्हणतात. चुंबकीय भिंगाने झोत अरुंद करता येतो, पण मग आडवा कल वाढतो. कल कमी केला तर रुंदी वाढते. वेग वाढवला की पुढच्या दिशेचा संवेग वाढून झोत अधिक सरळ दिसतो, तरी आडव्या हालचालींचा मूळ ठेवा तसाच राहतो. तो वाढतो सहज; चुकीच्या चुंबकाने वाढतो, प्रतिकर्षणाने वाढतो. सरळ रेषेतल्या वेगवर्धकात तो कमी मात्र होत नाही. (इंदूरच्या इंडस-२ सारख्या वलयात इलेक्ट्रॉन फिरता फिरता प्रकाश सोडतात आणि कालांतराने आपला जन्म विसरतात, हा अपवाद होय.) म्हणून बंदुकीने दिलेल्या झोतापेक्षा चांगला झोत वेगवर्धकाच्या दुसऱ्या टोकाला मिळवता येत नाही. अनेक कोटी रुपयांच्या यंत्राचा दर्जा एका बोटाच्या नखाएवढ्या तबकडीपाशी ठरतो, ही गोष्ट मला तरी नेहमीच विस्मयकारक वाटत आली आहे.

रुंदी आणि दिशा झाली, आता वेळ. आधुनिक वेगवर्धकात इलेक्ट्रॉनांना रेडिओ लहरींनी भरलेल्या पोकळ्यांमधून नेले जाते. लहरीच्या अनुकूल क्षणी आलेला इलेक्ट्रॉन पुढे ढकलला जातो. प्रतिकूल क्षणी आला तर त्याचा वेग मंदावतो. तेव्हा अखंड धार उपयोगी नाही, पुंजके हवेत. त्यासाठी ऋणाग्रासमोर केसाएवढ्या अंतरावर बारीक धातूची जाळी ठेवतात. जाळीला ऋणाग्राच्या मानाने ऋण दाब दिला की वाट बंद, धन दिला की वाट मोकळी. कोलकाता आणि व्हँकूव्हर यांच्या संयुक्त वेगवर्धकात पोकळ्यांची कंप्रता सेकंदाला १३० कोटी आवर्तने आहे. ट्रायम्फच्या बंदुकीची जाळी त्याच्या निम्म्या, म्हणजे सेकंदाला ६५ कोटी वेळा वाट उघडते. १० मिलिअँपिअर प्रवाह हवा असेल तर प्रत्येक पुंजक्यात साडेनऊ कोटींहून अधिक इलेक्ट्रॉन पाठवावे लागतात.

येथे एक व्यावहारिक कोडे उभे राहते. जाळी तीन लाख व्होल्टांच्या टोकाला, आणि तिला हुकूम देणारे रेडिओयंत्र जमिनीच्या पातळीला. दोहोंना तारेने जोडले तर ठिणगी पडून सगळेच जळून जाईल. ट्रायम्फच्या अभियंत्यांनी यासाठी सिरॅमिकचा दांडा वापरला. त्यातून रेडिओ लहरी जातात, विजेचा सरळ प्रवाह जात नाही. बंदुकीचे उच्च दाबाचे भाग सल्फर हेक्साफ्लुओराइड या वायूने भरलेल्या टाकीत ठेवले आहेत, कारण हा वायू ठिणगीला साध्या हवेपेक्षा कितीतरी अधिक विरोध करतो.

या झोताची योजलेली ऊर्जा पाच कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. १० मिलिअँपिअर प्रवाह धरला तर त्याची शक्ती अर्धा मेगावॅट भरते. जड धातूच्या लक्ष्यावर तो आदळला की गॅमा किरण निघतात, त्यांनी युरेनियमच्या अणुकेंद्रांचे विखंडन होते आणि निसर्गात न आढळणारी अल्पायुषी अणुकेंद्रे अभ्यासासाठी मिळतात. पण त्या झोताच्या कडेचा एक लहानसा अंश जरी वाट चुकून पोकळीच्या भिंतीवर आदळला, तरी तेथील द्रवरूप हेलियम उकळू लागते. बंदुकीतून निघालेल्या प्रत्येक भरकट्या इलेक्ट्रॉनाचा हिशेब पुढे असा चुकता करावा लागतो.

आता त्या बुडालेल्या जहाजाकडे, म्हणजेच निर्वाताकडे वळू. बंदुकीत हवा उरली तर दोन प्रकारे घात होतो. ऑक्सिजन किंवा पाण्याची वाफ ऋणाग्राच्या पृष्ठभागाशी संयोग पावून उंबरठा पुन्हा उंच करते. याला ऋणाग्राची विषबाधा म्हणतात. शिवाय झोत उरल्यासुरल्या वायूचे धन आयन बनवतो आणि ते उलट्या दिशेने धावत येऊन ऋणाग्रावरच आदळतात. बंदूक आपल्याच मालकावर उलटावी तसे हे होते. त्यामुळे चांगल्या बंदुकीतला वायुदाब वातावरणाच्या एक अब्जांशाहूनही कितीतरी खाली ठेवावा लागतो.

महाराष्ट्रात अशा बंदुका वेगवेगळ्या कामांवर आहेत. पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातील मायक्रोट्रॉनच्या साठ लक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या झोताखाली अर्धसंवाहक आणि बहुवारिके ठेवून त्यांच्यावरील परिणाम अभ्यासले गेले. नवी मुंबईत खारघर येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने एक कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टचा रेषीय वेगवर्धक उभारला असून तो औद्योगिक किरणनासाठी आहे. मुंबईच्या ‘समीर’ या संस्थेने कर्करोगावरील उपचारासाठी वेगवर्धक विकसित केले. रुग्णालयातील यंत्राला एमिटन्सची तितकीशी पर्वा नसते. तेथे हवा असतो भरवसा: ऋणाग्र दुबळे झाले की किरणांची मात्रा डळमळते, यंत्र थांबवावे लागते आणि बाहेर बाकावर बसलेल्या रुग्णांचा त्या दिवसाचा उपचार चुकतो.

याच्या अगदी उलट टोकाला लेसरने चालणारी बंदूक आहे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील लॉस अ‍ॅलॅमॉस येथे तिचा आरंभ झाला. तीत ऋणाग्र तापवत नाहीत. त्याच्यावर लेसरचा अत्यल्प काळाचा स्पंद पाडतात आणि प्रकाशविद्युत् परिणामाने तेवढ्याच काळात इलेक्ट्रॉनांचा पुंजका निघतो. जाळीची गरजच उरत नाही. ऋणाग्र थेट पोकळीत बसवलेले असल्यामुळे इलेक्ट्रॉनांना एकमेकांना रेटायला फारसा अवधी मिळत नाही. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे २००९ साली क्ष-किरणांचा लेसर प्रथम प्रज्वलित झाला, तो अशाच बंदुकीच्या बळावर. तिचे ऋणाग्र साध्या तांब्याचे होते.